जरा इकडे पाहा!
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की तो कार्यक्रमपत्रिकेत चुकून शिरला असावा. महागाई, शेतमालाचे भाव, शिक्षणाचे खासगीकरण असे वजनदार विषय समोर असताना 'फोटो काढून घेणे' या गोष्टीवर तासभर बोलायचे, ही करमणूक झाली. करमणूक थोडीफार आहेही. परंतु समाज ज्या गोष्टीला सवयीने हसतो, तिच्यात पुष्कळदा सत्तेचा एखादा व्यवहार दडलेला असतो आणि हसण्याच्या ओघात तो नजरेआड राहतो. तेव्हा प्रथम हसून घेऊ, मग हिशेब मांडू.

ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना तालुक्याच्या गावचा फोटो स्टुडिओ आठवत असेल. बाहेर काचेच्या पेटीत नवपरिणीत जोडप्यांचे आणि गुटगुटीत बालकांचे नमुने. आत रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल नाहीतर धबधबा. कोपऱ्यात आरसा, दोरीने बांधलेला कंगवा, पावडरचा डबा. आणि खुंटीवर एक काळा कोट व आधीच गाठ मारून ठेवलेला टाय. हा कोट म्हणजे समाजवादी वितरणाचा तालुक्यातला बहुधा एकमेव यशस्वी प्रयोग! शिक्षक, तलाठी, सोसायटीचा सचिव, नोकरीचा अर्ज भरणारा पोरगा, सगळ्यांच्या छायाचित्रांत तोच कोट. किडकिडीत माणसाला तो मागून टाचण्यांनी आवळीत, धिप्पाडाला पुढून नुसता टेकवीत. पाठ छायाचित्रात येत नाही, ही त्या कलेतली मोठीच सोय.

मग छायाचित्रकाराच्या आज्ञा सुरू होत. मान डावीकडे, इतकी नको. हनुवटी खाली. खांदे सैल सोडा. जरा हसा. हसल्यावर, दात नकोत. श्वास रोखा. या सर्व परस्परविरोधी सूचना पाळता पाळता माणसाच्या चेहऱ्यावर असा एक भाव उमटे की जो जन्मात पुन्हा कधी उमटत नसे, आणि नेमका तोच क्षण टिपला जाई. आठ दिवसांनी पाकीट घरी आले की घरची मंडळी निकाल देत, "फोटो चांगला आलाय, पण तुमच्यासारखा नाही आला."

हा छळ कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जगजाहीर झाली तेव्हा एका प्रतिमेसाठी मिनिटे-मिनिटे निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून बैठकीच्या मागे लोखंडी आधार लावीत. जुन्या तसबिरींतले पूर्वज इतके करारी दिसतात, त्यात स्वभावाचा वाटा किती आणि लोखंडाचा किती हे सांगणे अवघड आहे.

तरीही माणसे पैसे मोजून हा छळ सोसत असत. का? कारण त्या प्रतिमेचे स्वामित्व त्यांच्याकडे होते. आपण जगाला कसे दिसावे हे ठरवण्याची संधी गरीब माणसाला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळते. त्या अर्ध्या तासात ती मिळे. अमेरिकेत गुलामगिरीतून निसटून मुक्तीचा नेता झालेला फ्रेडरिक डग्लस हा त्या शतकात तेथे सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या व्यक्तींपैकी एक होता. त्याने ही छायाचित्रे समजून-उमजून काढवून घेतली. काळ्या माणसाची जी हसरी, दुबळी, विदूषकी चित्रे गोऱ्या समाजात खपत, त्यांना त्याच्या करड्या, थेट नजरेचे उत्तर होते. आपल्याकडे दलित वस्तीतल्या घराघरांत बाबासाहेब आंबेडकरांची कोट-टायमधली तसबीर का लागते, हे ज्याला समजले त्याला स्टुडिओच्या खुंटीवरच्या त्या सार्वजनिक कोटाचाही अर्थ समजेल. तो कोट उसना होता. प्रतिष्ठेची आकांक्षा उसनी नव्हती.

आता दुसरे चित्र पाहू. असे समजा की एस.टी. महामंडळातून निवृत्त झालेला एक वाहक आहे. वय बहात्तर. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेखाली त्याला निवृत्तिवेतन मिळते. या योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले ते दरमहा १,००० रुपये, हे येथे लक्षात ठेवावे. हे वेतन चालू राहण्यासाठी वर्षातून एकदा त्याला आपण जिवंत आहोत असे सिद्ध करावे लागते. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन सही करीत. २०१४ च्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला डिजिटल झाला आणि बोटाचा ठसा आला. पस्तीस वर्षे तिकिटे फाडून आणि नाणी मोजून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा ठसा यंत्राला पटेना. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. सोय म्हणजे काय, तर नातवाच्या मोबाइलपुढे बसायचे.

पडद्यावर एक गोल चौकट येते आणि आज्ञा सुरू होतात. चेहरा चौकटीत आणा. जवळ या. फार जवळ आलात. उजेड कमी आहे. म्हणून म्हातारा अंगणात येतो; तेथे उजेड जास्त होतो. चष्मा काढा. चष्मा काढल्यावर पडद्यावरची सूचना वाचता येत नाही. म्हणून नातू ती मोठ्याने वाचतो. डोळ्यांची उघडझाप करा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांची उघडझाप यंत्राच्या तालात बसत नाही. एवढ्यात शेजारी जमतात आणि प्रत्येक जण सूचना देऊ लागतो. कोणी म्हणतो, काका, जरा हसा. दुसरा म्हणतो, हसू नका, आधार कार्डावर तुम्ही हसलेला नाही. बाराव्या प्रयत्नाला पडद्यावर उत्तर येते की चेहरा जुळत नाही. म्हातारा शांतपणे विचारतो, "कोणाशी?"

या एका प्रश्नात आजच्या विषयाचे सार आहे. स्टुडिओत छायाचित्र माणसासारखे आले नाही तर चूक छायाचित्राची मानत. पुष्कळदा छायाचित्रकार दुसरी प्रत विनामूल्य काढून देई. मोबाइलपुढे छायाचित्र माणसासारखे आले नाही तर चूक माणसाची ठरते. समोर बसलेला, बोलणारा, घाम पुसणारा मनुष्य हा संशयित. आणि दहा वर्षांपूर्वी कोठल्या तरी शिबिरात घाईघाईने टिपलेली प्रतिमा हा अस्सल. पुराव्याची जबाबदारी कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर सरकली, हे येथे स्पष्ट दिसते.

हे आकस्मिक घडलेले नाही. राज्यकर्त्याचा कॅमेरा आणि माणसाने हौसेने उभा केलेला कॅमेरा या दोन परंपरा आरंभापासून वेगळ्या वाहत आल्या आहेत. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केले. त्यांत या देशातल्या जाती-जमातींच्या माणसांची छायाचित्रे आहेत. बहुतेकांखाली व्यक्तीचे नाव नाही. जात आहे, धंदा आहे, आणि ही मंडळी राजनिष्ठ की उपद्रवी, असा शेरा आहे. १८६९ साली लंडनमध्ये सर सय्यद अहमद खान यांनी या ग्रंथाचे खंड पाहिले आणि आपल्या देशबांधवांचे असे प्रदर्शन पाहून ते व्यथित झाले. बोटाच्या ठशांचेही असेच. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटदाराकडून कराराच्या कागदावर पंजाचा ठसा घेतला, कारण उद्या हा मनुष्य सही नाकारील अशी त्याला शंका होती. आपल्या दस्तऐवजांतली 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' ही ओळ त्या शंकेच्याच कुळातली. ओळखीच्या या साऱ्या तंत्रांच्या मुळाशी प्रजेविषयीचा अविश्वास होता.

परंतु ठसा किंवा छायाचित्र ही वस्तुतः निरुपद्रवी गोष्ट आहे. ती कोण, कशासाठी आणि कोणत्या अटीवर मागतो यावर तिचे स्वरूप ठरते. हा धडा महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत शिकवला. ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांवर बोटांच्या ठशांसह नोंदणीची सक्ती आणली, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत प्रतिकाराची शपथ घेतली गेली. १९०८ च्या जानेवारीत जनरल स्मट्स यांच्याशी समझोता झाला की लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करावी आणि सरकारने सक्तीचा कायदा मागे घ्यावा. गांधीजी नोंदणीला निघाले असता मीर आलम या पठाणाने त्यांच्यावर हल्ला केला. कालपर्यंत ठशांना विरोध करणारा हा नेता आज स्वतःच ठसे द्यायला कसा निघाला, हा त्याचा संताप होता. जखमी अवस्थेतही गांधीजींनी ठसे दिले. सक्तीने जे अपमानकारक असते तेच स्वेच्छेने दिले तर सौजन्य होते, ही त्यांची भूमिका होती. सरकारने शब्द पाळला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. बोटे तीच होती, शाईही तीच. बदलली होती ती अट.

त्याच देशात पुढे वर्णद्वेषी सरकारने १९५२ च्या कायद्याने काळ्या माणसांवर छायाचित्रासह पासबुक बाळगण्याची सक्ती केली. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे या पासांविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार होऊन ६९ माणसे मारली गेली. या कथेचा एक अध्याय कामगार चळवळीच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या दोघा कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या दृष्टीस दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्यासाठी बनवलेल्या ओळखपत्राचा नमुना पडला. झटपट छायाचित्र देणारा आपला कॅमेरा पासबुकांसाठी वापरला जातो हे लक्षात येताच त्यांनी कंपनीविरुद्ध बहिष्काराची मोहीम उभारली. दोघांचीही नोकरी गेली. परंतु सात वर्षांनी, १९७७ साली, कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावे लागले. आपण बनवलेले यंत्र पुढे कोणाच्या छातीवर रोखले जाते, हा प्रश्न कामगारांनी विचारला आणि तो निर्णायक ठरला.

स्वतंत्र भारतात लोकशाहीने हा प्रश्न कसा हाताळला? १९५८ साली निवडणूक कायद्यात मतदारांच्या छायाचित्र ओळखपत्राची तरतूद झाली आणि १९६० च्या कलकत्ता नैऋत्य मतदारसंघातील पोटनिवडणुकीसाठी पहिला प्रयोग झाला. दहा महिने खपूनही एक तृतीयांशाहून अधिक मतदारांची छायाचित्रे निघू शकली नाहीत. अनेक स्त्रियांनी परक्या पुरुषाकडून छायाचित्र काढून घ्यायचे नाकारले. अनेक मतदार छायाचित्रकार येई त्या वेळी कामावर असत. त्या वेळी आयोगाने यातून जो निष्कर्ष काढला तो आज आठवण्याजोगा आहे. लोक चौकटीत बसत नाहीत, म्हणून चौकट बाजूला ठेवली गेली. पुढे १९९३ साली टी. एन. शेषन यांनी देशभर छायाचित्र ओळखपत्रांचा आदेश काढला. शाळांच्या पडव्यांत शिबिरे भरली, आणि हाती आलेल्या काळपट चौकोनात नवऱ्याला बायको ओळखेना अशी अवस्था झाली. आजही माणसे ते कार्ड दाखवताना आधी क्षमा मागितल्यासारखे हसतात.

तथापि त्या कार्डाला नुसते हसणे अन्यायाचे होईल. ज्या भूमिहीन बाईच्या नावावर सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही, तिच्या हाती स्वतःच्या नावाचा आणि चेहऱ्याचा पहिला कागद त्या कार्डाने दिला. शिवाय ते हरवले तर दुसरा मान्य पुरावा दाखवून मतदान करता येते. आणि मतदान केंद्रावर छायाचित्राशी चेहरा ताडून पाहणारा तेथे बसलेला माणूस असतो, त्याच्याशी बोलता येते, वाद घालता येतो. ओळखपत्राला समाजवाद्यांचा सरसकट विरोध नसावा, तो यासाठी. कागद गरिबाच्या हातात शस्त्र म्हणून येतो की गरिबाच्या वाटेत अडसर म्हणून, हा खरा प्रश्न आहे.

आता अडसराचे उदाहरण. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या पुढाकारातून रोजगार हमीची योजना देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात तिने माणसे जगवली, आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच कल्पनेवर २००५ साली राष्ट्रीय कायदा झाला. या राष्ट्रीय योजनेत २०२१ च्या मे महिन्यात मोबाइलवरील हजेरी आली आणि जानेवारी २०२३ पासून ती वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर सक्तीची झाली. मजुरांचा गट दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी, कॅमेऱ्यापुढे उभा करायचा. छायाचित्रासोबत वेळ आणि ठिकाण नोंदले जाणार. यात अडचण कोणती, असे शहरातला माणूस विचारील. अडचण अशी की या कामांचा मोबदला पुष्कळ ठिकाणी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरतो. मजूर पहाटे येतात, उन्हापूर्वी माप पुरे करतात, आणि घरी शेळ्या, लेकरे, चूल यांच्याकडे वळतात. आता काम संपल्यावरही दुपारच्या फोटोसाठी ताटकळायचे, नाहीतर पुन्हा चालत यायचे. डोंगराच्या पायथ्याला नेटवर्क नसेल तर मोबाइल हातात धरून मुकादम चढावर आणि मजूर उतारावर, असे दृश्य. छायाचित्र चढले नाही तर हजेरी लागत नाही. हजेरी नाही तर मजुरी नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे खोदलेली माती प्रत्यक्ष दिसत असूनही, तिचे माप घेता येत असूनही, खोदणाऱ्याचा फोटो नाही म्हणून ३१२ रुपये बुडण्याची धास्ती.

आणि एवढे करून गैरव्यवहार थांबला काय? २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून सांगितले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचे छायाचित्र काढून हजेरी लावली जात आहे, आणि दिसणारी माणसे व नोंदलेली माणसे यांची संख्या जुळत नाही. उपाय काय सुचवला? ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक छायाचित्र माणसाने तपासावे! माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले; यंत्रावर विश्वास नाही म्हणून पुन्हा माणूस बसवला. या फेऱ्यात ठेकेदार आणि बनावट हजेरी लावणारा आपली वाट काढतोच. उन्हात दोनदा उभा राहतो तो खरा मजूर. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. कायद्याचे नाव बदलले तरी मजुराकडे पाहण्याची नजर बदलली आहे, असे मानण्यास आधार दिसत नाही.

तीच नजर अंगणवाडीतही पोचली आहे. १ जुलै २०२५ पासून गरोदर व स्तनदा माता आणि लहान बालके यांचा घरी नेण्याचा शिधा देताना लाभार्थी बाईचा अथवा पालकाचा चेहरा मोबाइलवर जुळवणे सक्तीचे झाले. एखाद्या मुलीचे आधारचे छायाचित्र शाळकरी वयातले असते. आता ती बाळंतीण आहे, गालफडे बसली आहेत, डोळ्यांखाली काळे आले आहे. यंत्राला ती परकी वाटते. अंगणवाडी सेविका तिला जन्मापासून ओळखते. तिच्या आईलाही ओळखते. परंतु सेविकेची ओळख हिशेबात धरली जात नाही. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तेथे शिधा देण्यासाठी शेकडो मैलांवरच्या संगणकाची साक्ष काढावी लागते. कुपोषणामुळे चेहरा ओळखू येईनासा झाला म्हणून पोषण नाकारले जाण्याचा धोका यात आहे, आणि त्यातली क्रूरता सांगायला अलंकाराची गरज नाही.

यंत्र निःपक्षपाती असते, असा एक समज आहे. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते. सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. यंत्राला ज्या चेहऱ्यांवर शिकवले, तेच चेहरे त्याला नीट कळतात. फिल्मच्या काळातही रंगांचे प्रमाण गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावरून ठरवीत आणि काळी माणसे त्यात काजळीसारखी येत. आपल्याकडच्या प्रणालींत नेमके किती चुकते, याचा हिशेब सरकारने उघड्यावर मांडला पाहिजे. तो मागणे हे आपले काम आहे.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा धडा उपयोगी पडतो. कोणत्याही कल्याणकारी योजनेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्र माणसाला लाभ मिळाला, ही समावेशाची चूक. पात्र माणूस वंचित राहिला, ही वगळणुकीची चूक. कॉर्निया आणि स्ट्युअर्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली हा भेद मांडताना दाखवले की शासनव्यवस्था पहिल्या चुकीचा पाठलाग करते आणि दुसरीकडे दुर्लक्ष करते. कारण उघड आहे. अपात्राला दिलेला रुपया जमाखर्चात गळती म्हणून दिसतो. पात्राला नाकारलेला रुपया त्याच जमाखर्चात बचत म्हणून दिसतो. भुकेलेल्याच्या तोंडचा घास काढून घेतला तर वहीत त्याची नोंद 'कार्यक्षमता' अशी होते! शिवाय ओळख पटवण्याचा खर्च कोण सोसतो तेही पाहावे. मोबाइल मुकादमाचा, डेटा सेविकेचा, सायबर कॅफेचे पैसे म्हाताऱ्याचे, बुडालेला दिवस मजुराचा. सरकारी अंदाजपत्रकात यांतला एकही रुपया दिसत नाही. म्हणूनच ही पद्धत स्वस्त भासते.

'मग काय चोऱ्या होऊ द्यायच्या?' हा प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. रोजगार हमीच्या जुन्या काळातही बनावट मस्टरांवर मेलेली माणसे खडी फोडीत होती. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या चोरीवर देशातला सर्वांत परिणामकारक उपाय कॅमेऱ्याने दिलेला नाही. १९९४ च्या डिसेंबरात राजस्थानातील कोटकिराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई भरवली. बिले आणि मस्टर गावासमोर मोठ्याने वाचले गेले. ज्यांच्या नावावर मजुरी निघाली ती माणसे समोर बसलेली होती. त्यांनी उठून सांगितले की आम्ही त्या कामावर नव्हतोच. एका मंडपात, एका ध्वनिक्षेपकाच्या साहाय्याने जे उघड झाले, त्यातून पुढे २००५ चा माहितीचा अधिकार जन्मला आणि रोजगार हमीच्या राष्ट्रीय कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली. तेथे मजुराचा चेहरा दिल्लीला पाठवावा लागला नाही. दिल्लीचा पैसा गावात कोणाच्या खिशात गेला, त्याचे चित्र गावाने पाहिले. चोरी वरच्या हातांनी होते, मग भिंग खालच्या चेहऱ्यांवर कशासाठी?

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या गावोगाव मांडाव्यात. पहिली, यंत्राला चेहरा पटला नाही तर त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, उपस्थित सेवक व दोन ग्रामस्थ यांच्या खात्रीवर लाभ मिळालाच पाहिजे. दुसरी, नकार दिल्यास कारण आणि नकार देणाऱ्याचे पद लिहिलेली पावती मिळाली पाहिजे. सामान दिल्याची पावती असते, तशी सामान न दिल्याचीही असावी. तिसरी, नकारांची यादी दर ग्रामसभेत वाचली जावी. चौथी, मोबाइल आणि जोडणी यांचा खर्च सरकारने उचलावा. तो सेविकेच्या मानधनातून जाता कामा नये. पाचवी, घेतलेले छायाचित्र ज्या कामासाठी घेतले त्यापलीकडे वापरले जाऊ नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क मजुराच्या चेहऱ्यालाही लागू आहे.

मागण्यांबरोबर कामही हवे. प्रत्येक शाखेने एक साधी शंभर पानी वही घ्यावी. शिधावाटपाच्या दिवशी अंगणवाडीच्या दारात, नोव्हेंबरात बँकेच्या पायऱ्यांवर, आणि रोजगार हमीच्या कामावर दुपारच्या फोटोच्या वेळी एक कार्यकर्ता बसवावा. कोण आले, किती वेळा उभे राहिले, किती तास गेले, काय मिळाले, काय नाकारले गेले, एवढेच पाच रकाने. माणसाची परवानगी घ्यावी. सही येत नसेल त्याचे नाव त्याच्यासमोर लिहून त्याला वाचून दाखवावे. तीन महिन्यांनी अशा पन्नास वह्या तहसीलदाराच्या टेबलावर ठेवल्या की वगळणुकीची चूक प्रथमच कोणाच्या तरी जमाखर्चात चढेल. या वहीला छायाचित्राची गरज नाही.